फिरत्या गाडीसाठी सौर पॅनेल

माझे गणिताचे गुरुजी सेवानिवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षे झाली. वर्गात त्यांचा एक हट्ट असे. कोणतेही उदाहरण सोडवायला घेतले की आधी पाटीवर दोन रकाने पाडायचे. एकात ‘दिलेले काय’ आणि दुसऱ्यात ‘काढायचे काय’. रकाने न पाडता कोणी उत्तर लिहिले, तर ते बरोबर असले तरी गुरुजी त्यावर फुली मारीत. अशा या गुरुजींनी आयुष्यात एकदाच रकाने न पाडता उदाहरण सोडवले, आणि ते त्यांना चांगलेच महागात पडले. आजचे हे भाषण त्या उदाहरणाचे आहे.

गुरुजींना आणि बाईंना प्रवासाची हौस. त्यांनी एक जुनी तेरा आसनांची गाडी विकत घेतली, बाके काढून टाकली आणि आत एक पलंग, एक ओटा, पाण्याची टाकी आणि लहानसा फ्रीज बसवून घेतला. अशा फिरत्या घराला आता आपल्याकडेही कॅरॅव्हॅन म्हणू लागले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणसुद्धा जाहीर केले. फ्रीज थंड सरबतासाठी नव्हता. बाईंना मधुमेह आहे आणि इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. म्हणून विजेची सोय हवी, आणि म्हणून टपावर सौर पॅनेल. जिल्ह्याच्या गावातल्या एका दुकानदाराने ‘चारशे वॅटचा पूर्ण सेट’ म्हणून दोन पातळ, वाकणारी पॅनेले, एक चार्ज कंट्रोलर आणि एक बॅटरी त्यांच्या पदरात घातली. गुरुजींनी पैसे मोजले आणि वैशाखात जोडपे कोकणात उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एका आमराईत गाडी लावली. पहाटे तीनच्या सुमारास फ्रीज बंद पडला. सकाळी बाईंनी दार उघडले तर आतला पारा सत्तावीस अंशांवर! सुदैवाने वीस किलोमीटरवरच्या औषधाच्या दुकानात इन्सुलिन मिळाले, नाहीतर गाडी तशीच माघारी वळवावी लागली असती. दुपारी मला फोन आला. “अरे, तुम्ही कॉलेजातली शिकलेली माणसं. मला एवढंच सांग, हे चारशे वॅट जातात तरी कुठे?”

मी भूगोल शिकवतो. विजेचे माझे ज्ञान म्हणजे शेजारच्या पदार्थविज्ञानाच्या खोलीतून उसने आणलेले. पण गुरुजींचा प्रश्न इतका नेमका होता की मी आणि तिथले आमचे सहकारी, असे दोघेही त्याच्या मागे लागलो.

गुरुजी परत आल्यावर आम्ही पहिले काम केले ते टेप घेऊन टपावर चढण्याचे. पॅनेलमागे चिठ्ठी होती ‘२०० वॅट’. पॅनेलची लांबी ११० सेंटिमीटर आणि रुंदी ५५ सेंटिमीटर. आता चौथी-पाचवीतले क्षेत्रफळ काढा: एक चौरस मीटरचा साधारण सहा दशांश भाग. भर दुपारचे लख्ख ऊन एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट शक्ती ओतते, आणि पॅनेलवरचा वॅटचा आकडा याच उन्हासाठी दिलेला असतो. म्हणजे आमच्या पॅनेलवर पडणार ६०५ वॅट. बाजारातले चांगल्यात चांगले पॅनेलही त्यातला २४ टक्क्यांहून जास्त भाग क्वचितच विजेत बदलते. नेहमीचे २० ते २२ टक्के. चोवीस धरले तरी १४५ वॅट होतात, दोनशे नव्हेत! स्वस्तातल्या मालाचे शे-सव्वाशे. गुरुजी टेप हातात धरून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “क्षेत्रफळ मीच शिकवलं होतं की रे तुला.”

म्हणून दुकानात जाताना टेप खिशात असू द्या. पॅनेलचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा आणि त्याला २२०ने गुणा. चिठ्ठीवरचा आकडा याच्या आसपास किंवा कमी असेल तर पुढे बोला. फारच जास्त असेल तर दुकानदाराला रामराम करा. याला पदवी लागत नाही, सातवीतला मुलगा हे करू शकतो. किंबहुना शिक्षक मंडळींनी हे उदाहरण वर्गात घालावे, मुलांना आवडेल.

दुसरी तपासणी मल्टिमीटरने. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेल्या १०० वॅटच्या पॅनेलवर साधारण असे आकडे लिहिलेले असतात: उघड्या तारांमधला दाब २२ व्होल्टच्या आसपास, तारा एकमेकींना जोडल्या तर वाहणारा प्रवाह सुमारे ६ अँपिअर. भर उन्हात पॅनेल सूर्याकडे रोखून धरा आणि दोन्ही मोजा. दाब थोड्या उन्हातही जवळजवळ पूर्ण दिसतो, म्हणून नुसत्या व्होल्टवर भुलू नका. खरे बोलतो तो प्रवाह. स्वच्छ दुपारी तो लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास गेला पाहिजे. मात्र मीटरची तार १० अँपिअरच्या छिद्रात घातलेली असावी, एका वेळी एकच लहान पॅनेल मोजावे आणि तारा जोडता-सोडवताना पॅनेलवर जाड कापड टाकावे. उन्हातले पॅनेल म्हणजे चालू नळ. त्याला बटण नसते.

पण चिठ्ठी खोटी होती एवढ्यावर गुरुजींचा प्रश्न संपत नव्हता. खऱ्या वॅटांपैकीही बरेच वाटेत गळत होते. पॅनेलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो आणि तिथे सौरघटाचे तापमान २५ अंश धरतात. वैशाखात गाडीच्या पत्र्याला चिकटवलेले पॅनेल सहज ७० अंशांपर्यंत तापते. सिलिकॉनचा स्वभाव असा की दर अंशामागे त्याची शक्ती एक टक्क्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक घटते. ४५ अंशांचा फरक पडला तर सहावा हिस्सा गेलाच म्हणा. लोकांना वाटते, उन्हाळा कडक तितकी वीज जास्त. तसे नाही. पॅनेलला उजेड हवा, उष्मा नको. म्हणूनच गाडीच्या टपावर काचेचे, चौकटीचे पॅनेल घ्यावे आणि ते कंसांवर बोल्टने असे बसवावे की खाली दोन-तीन बोटे हवा खेळेल. वाकणारी पॅनेले हलकी असतात हे खरे, अर्धगोल टपाला ती सोयीची पडतात हेही खरे. पण पत्र्यावर चिकटवली की तापतात, धक्क्यांनी आतल्या घटांना बारीक चिरा जातात, आणि मग ती काढताना टपाचा रंगही सोबत येतो. माझे स्पष्ट मत, गाडीचे टप सपाट असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता आमराईकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. घराच्या गच्चीवरचे पॅनेल आणि गाडीवरचे पॅनेल यांत मोठा भेद असा की गच्ची जागची हलत नाही. गाडी माणूस लावतो, आणि माणूस ती सावलीत लावतो. वैशाखात कोण शहाणा उन्हात गाडी लावून आत झोपेल? माणसाला सावली हवी, पॅनेलला ऊन हवे, आणि दोघे एकाच टपाखाली-टपावर राहतात. गुरुजींना वाटले होते, आंब्याची सावली दाट नाही, पानांतून कवडसे येतात, निम्मी वीज तरी मिळेल. पण पॅनेलमधले घट माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. पाटाला एका ठिकाणी बांध पडला की पुढच्या सगळ्या वाफ्यांचे पाणी अडते, तसा एका घटावरची सावली सगळ्या माळेचा प्रवाह अडवते. हा अडथळा वळसा घालून टाळावा म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत डायोड बसवलेले असतात. पण ते माळेचा तो तुकडाच वगळतात. कवडशांच्या सावलीत निम्मी सोडाच, दहावा हिस्सा वीज हाती लागली तरी पुष्कळ.

भूगोलाच्या दृष्टीने पाहा, त्या दिवशी सूर्याकडून काहीच कमी नव्हते. दक्षिण कोकणात मे महिन्याच्या पूर्वार्धात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. टपावर आडवे पडलेले पॅनेल वर्षभरात इतके सरळ सूर्यासमोर फार थोडे दिवस असते. उलट डिसेंबरात, पुण्याच्या अक्षांशावर, दुपारचा सूर्यही क्षितिजावर ४८ अंशच चढतो आणि आडव्या पॅनेलला दुपारच्या उन्हाचा साधारण पाऊण वाटाच मिळतो. तात्पर्य, सूर्य हजर होता. गाडी गैरहजर होती.

यावर तोड एकच, आणि ती मी प्रत्येकाला सांगतो. सगळी पॅनेले टपावर ठोकू नका. एक शंभर वॅटचे घडीचे किंवा सुटे पॅनेल दहा मीटर तारेसह गाडीत ठेवा. गाडी सावलीत, पॅनेल अंगणात उन्हात, थोडे तिरके सूर्याकडे रोखलेले. दिवसातून दोन-तीनदा उठून ते वळवावे लागते, रात्री आत घ्यावे लागते. पण निवृत्त माणसाला तेवढा उद्योग बरा.

एवढे झाल्यावर आम्ही गुरुजींचे दोन रकाने पाडले. खर्चाचा रकाना आधी. वॅटला तासांनी गुणले की वॅट-तास होतात. हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. बाराच व्होल्टवर चालणारा फ्रीज चालताना ५० वॅट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसातले सुमारे १२ तास त्याचे यंत्र चालू असते: ६०० वॅट-तास. वीस वॅटचे दोन पंखे सात तास: २८०. पाच वॅटचे दोन दिवे पाच तास: ५०. दोन मोबाइल: ३०. पाण्याचा पंप, थोडा थोडा: १०. आणि रेडिओ! तो विसरून कसे चालेल? पाच वॅट, सहा तास: ३०. बेरीज १००० वॅट-तास. रोजचे एक युनिट. बाईंनी विचारले, विजेची शेगडी चालेल का? शेगडी १५०० वॅटची. तास भर चालली की सगळ्या गाडीचा दीड दिवसाचा खर्च एकट्याने खाते. तिला टपावरच्या उन्हाचा आधार धरू नये, गॅस बरा. वातानुकूलन यंत्राचेही तेच. मिक्सरवर पाच मिनिटे चटणी वाटायला मात्र हरकत नाही.

आता बॅटरी. हिचा विचार पॅनेलच्या आधी करायचा, कारण फ्रीज रात्री चालतो आणि सूर्य रात्री नसतो. संध्याकाळपासून सकाळी आठपर्यंत फ्रीज ३००, पंखे २८०, दिवे ५०. मिळून ६३० वॅट-तास. दुकानदाराने दिलेली बॅटरी होती १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची, गुणाकार १२००. कागदावर दुप्पट. पण ती होती शिसे-आम्लाची, आणि तीही गाडी सुरू करायच्या जातीची. अशा बॅटरीतून अर्ध्याहून जास्त उपसू नये. उपसली तर ती लवकर मरते. म्हणजे भरलेली असती तरी ६०० मिळाले असते, आणि आमराईत ती भरलीच नव्हती. पहाटेचे तीन वाजले ते असे.

शिसे-आम्लाचीच घ्यायची तर खोल उपसा सोसणारी ट्युब्युलर घ्यावी. १५० अँपिअर-तासांच्या एकीतून ९०० वॅट-तास निश्चिंत मिळतात; पण तिचे वजन एका मोठ्या माणसाएवढे, पाणी पाहावे लागते, आणि भरताना वायू निघतो म्हणून झोपायच्या जागेत ठेवता येत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी बारा-तेरा किलोंची असते, तिच्यातून ८० टक्के खुशाल वापरावेत. म्हणजे हजारावर वॅट-तास, एक पूर्ण दिवस. किंमत जास्त, पण अनेक पट वेळा भरते-उतरते. इन्सुलिनचा प्रश्न होता, म्हणून गुरुजींना आम्ही हीच घ्यायला लावली. ती घेताना दोन गोष्टी विचारा: आत रक्षक मंडल आहे का, आणि तुमचा चार्ज कंट्रोलर या जातीच्या बॅटरीसाठी लावता येतो का. शिशाच्या बॅटरीचा जुना कंट्रोलर तसाच जोडू नका.

आता कुठे पॅनेल. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरून दिवसाकाठी साडेचार तास ‘पूर्ण ऊन’ हिशेबात घ्यावे. उष्मा, धूळ, आडवे बसवणे, तारांतली गळती यांच्यापोटी तीस टक्के सोडून द्यावेत. मग त्रैराशिक: १००० भागिले साडेचार, भागिले सात दशांश. उत्तर ३१७. म्हणजे १६५ वॅटची काचेची दोन पॅनेले टपावर, आणि ते शंभराचे सुटे सावलीच्या दिवसांसाठी. श्रावणात ढग असले की हेही पुरणार नाही, हे आधीच कबूल करावे. त्या दिवसांसाठी गाडीच्या इंजिनावरून घरची बॅटरी भरणारे डीसी-डीसी चार्जर बसवतात. ३० अँपिअरचे असेल तर तासाभराच्या प्रवासात साडेतीनशे वॅट-तासांच्या आसपास भर पडते.

घराच्या गच्चीवर बसवतात ती ५४० वॅटची मोठी पॅनेले वॅटमागे स्वस्त पडतात, तेव्हा ‘एकच मोठे टाकून द्या’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. ते सव्वादोन मीटरहून लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते, वजन २८ किलोंच्या आसपास, आणि चालताना दाब सुमारे ४१ व्होल्ट. टपावर मावत असेल आणि सावली पाडणारे काही नसेल तर घ्यायला हरकत नाही. पण मग कंट्रोलर एमपीपीटी जातीचाच हवा. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या दाबावर ओढून आणतो आणि वरचा दाब वाया जातो; ५४० मधले दोनशेही हाती येणार नाहीत. एमपीपीटी तोच जास्तीचा दाब जास्तीच्या प्रवाहात बदलून देतो. लहान पॅनेले दोन असतील तर गाडीवर ती समांतर जोडावी, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरे चालू राहते.

तारेच्या बाबतीत लोक फार कंजुषी करतात. बारा व्होल्टवर प्रवाह मोठा असतो. १० अँपिअर प्रवाह पाच मीटर जाऊन पाच मीटर परत येताना अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जवळजवळ पाऊण व्होल्ट हरवतो. सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली तर पाव व्होल्टाहून थोडा अधिक. आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. ही गोष्ट विजेच्या बचतीची नाही. गाडीत माणसे झोपलेली असतात.

पैशांचे आकडे मी मुद्दाम सांगत नाही, भाव सारखे बदलतात. एकूण किमतीला खऱ्या वॅटने, म्हणजे टेपने तपासलेल्या वॅटने, भागा आणि दोन-तीन दुकानांतले उत्तर ताडून पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा पावतीवर तेवढाच लावला आहे ना ते पाहा. आणि पक्की पावती घ्याच. पॅनेलवर आयएस १४२८६ हे मानक आणि भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक छापलेला असावा. गुरुजींच्या पॅनेलवर यांपैकी काहीच नव्हते. ‘सरकारी अनुदान मिळेल का?’ असेही पुष्कळ जण विचारतात. २०२४ साली सुरू झालेली सूर्यघर योजना वीजजाळ्याला जोडलेल्या घरांच्या छपरांसाठी आहे. गाडीच्या टपाला ती लागू नाही. मात्र वाहनाच्या रचनेत बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे.

जाता जाता एक गंमत. सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९५४ मध्ये जगाला दाखवला, तेव्हा तो उन्हातला जेमतेम सहा टक्के भाग विजेत बदलत होता. चार वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, तो प्रवासाला निघाला. व्हॅनगार्ड नावाच्या चिमुकल्या उपग्रहावर बसून. त्या उपग्रहात बॅटरीवरचा एक प्रक्षेपक होता आणि सौरघटांवरचा एक. बॅटरीवरचा जून १९५८ मध्ये गप्प झाला, सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. फिरत्या घरावर ऊन बांधायची युक्ती तशी नवी नाही. त्याला आमराई लागली नाही, एवढेच.

गुरुजी या वैशाखात पुन्हा कोकणात गेले. रोज संध्याकाळी वहीत दोन रकाने: आज आले किती, गेले किती. पाचव्या दिवशी भर दुपारी आलेला प्रवाह एकदम निम्म्याहून खाली गेला. गाडी आंब्याखाली, पॅनेल अंगणात, आभाळ स्वच्छ. बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिला, तारा हलवून पाहिल्या. शेवटी मला फोन लावला आणि बोलता बोलता अंगणात आले. ज्यांच्या अंगणात उतरले होते त्या काकूंनी, इतकी स्वच्छ, तापलेली काच रिकामी पाहून, पॅनेलच्या एका कोपऱ्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या.

“काढा म्हणून कसं सांगू रे?” गुरुजी दबक्या आवाजात विचारत होते. “तिच्याच घरचं जेवतोय.”

मी म्हटले, “अर्ध्या तासानं वाळतील, गुरुजी. तोवर फ्रीज बॅटरीवर चालू दे.”